शेऱ्याचा रकाना

शेषेराव गुरुजींना जुन्या कागदांचं भारी वेड. निलंग्याजवळच्या शाळेत ते इतिहास शिकवत आणि कुठलाही जुना कागद हाती आला, की पोरांना त्याला चार प्रश्न विचारायला लावत. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुणासाठी लिहिलं, आणि लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलं होतं का? लातूर जिल्हा होऊन दोन वर्षं झाली, तरी शाळेच्या शिक्क्यावर उस्मानाबादच होतं. पुढचे संशोधक फसू नयेत म्हणून गुरुजी त्यावर शाईची रेघ ओढत आणि आपल्या दूरदृष्टीवर खूश होत.

एके दिवशी त्यांनी सातवीच्या वर्गात घरचा खजिना आणला. बहात्तरच्या दुष्काळात, मास्तरकी मिळण्याआधी, ते पाझर तलावाच्या कामावर हजेरी कारकून होते. त्या हजेरीपटाची एक प्रत त्यांनी ट्रंकेत जपून ठेवली होती. आपलं अक्षर पोरांनी बघावं हाच खरा हेतू होता, हे ते पुढं स्वतःच सांगत.

"कागद खोटं बोलत नाही," त्यांनी छातीठोक सांगितलं.

पंचशीलाचं बोट एका ओळीवर थांबलं. "गुरुजी, ही माझी माय. चांगुणा केरबा." फेब्रुवारीच्या सात, आठ, नऊ तारखेला गैरहजर. पुढं शेऱ्याच्या रकान्यात, त्याच सुबक अक्षरात, 'कामचुकार'.

वर्ग हसला. पंचशीलाचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "माय म्हणती, मी तळ्याच्या कामाच्या टायमाला झाले. थंडीत. शाळेत तर एक जून हाय."

एक जूनही गुरुजींचाच. नाव घालायला आलेल्या आईबापांना तारीख सांगता आली नाही की ते बेधडक एक जून टाकत. निम्मा वर्ग त्यांनी एकाच दिवशी जन्माला घातला होता.

"गुरुजी," पंचशीलानं विचारलं, "लिवणाऱ्यानं बघितलं व्हतं का?"

पट मिटावा आणि घंटा द्यायला सांगावी, असं गुरुजींना फार वाटलं. पोरीची नजर मात्र हलेना. "नाही," ते म्हणाले. "झाडाखाली बसून लिहिलं. विचारलंसुद्धा नाही." स्वतःची एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी ते चांगुणाबाईंच्या दारात गेले. माफी मागताना वर्गात खणखणणारा आवाज पार बसला.

चांगुणाबाई निवडायची ज्वारी बाजूला ठेवून म्हणाल्या, "सात तारखेला पहाटं ही पोर झाली बघा. चौथ्या दिशी पाटीत घालून कामावर आणली. तुमच्या म्होरंच पाटी ठिवली. तुमी नाव इचारलं, हजेरी मांडली. खाली बघितलंच न्हाई."

गुरुजींना ते काही केल्या आठवेना. आपल्या स्मरणशक्तीचा त्यांना अभिमान होता, तोही त्या दारातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज स्वतः लिहिला. मग हजेरीपट पंचशीलापुढं ठेवला, 'कामचुकार' तिच्यादेखत खोडलं आणि लेखणी तिच्या हातात दिली. "हे लिहिणाऱ्या कारकुनाबद्दल तुझा शेरा लिही. भिऊ नको."

जपून, एकेक अक्षर काढत तिनं लिहिलं, 'हजर होते. बघितलं नाही.'