सातवीचा पहिला तास

देवरे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासत होते. सोमवार होता. प्रार्थना संपली तरी सर आलेले नव्हते, आणि सर कधी उशिरा येत नसत, म्हणून मी शिपायाला त्यांच्या घरी पाठवणारच होते. तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन... पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी फोन ठेवला आणि पहिला विचार आला, सातवीवर आता कोणाला पाठवू? हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच झालं. आमच्या शाळेत आधीच दोन जागा रिकाम्या. सहावीच्या बाईंना दोन्ही वर्ग एकत्र बसवायला सांगितलं आणि मग मी रिक्षा करून सरांच्या घरी गेले. त्याला आता सहा आठवडे झाले.

इथे गुजरातेत, पांडेसऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलांमागे आमची मराठी माध्यमाची शाळा आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. मुलं जवळजवळ सगळी खानदेशातून आलेल्या घरांतली. बाप मिलमध्ये बारा तासांच्या पाळीवर, आई घरी साड्यांना चमकीचे स्टोन चिकटवते. मी या शाळेची मुख्याध्यापिका झाले त्याच वर्षी देवरे सर दुसऱ्या शाळेतून बदलून आले. साक्रीकडचे, उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम खडूचा तुकडा. मला ते पहिल्या महिन्यातच डोकेदुखी वाटले. प्रत्येक गोष्टीला विचारायचे, ‘का?’ परिपत्रक आलं आहे असं सांगितलं की म्हणायचे, ‘ते कळलं बाई, पण का?’

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. सरांकडे सातवी होती आणि तपासणी जाहीर झाली. तपासणीच्या दिवशी काय करायचं हे आम्हां सगळ्यांना पाठ होतं. ज्यांना वाचता येत नाही अशा मुलांना आदल्या दिवशी हळूच सांगायचं, उद्या आला नाहीस तरी चालेल. मुलंही खूश, आईबापांनाही कामाला हात मिळायचा. मी शिक्षिका असताना हे केलं होतं आणि मुख्याध्यापिका झाल्यावर इतरांना करायला लावत होते. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. सरांनाही मी सांगितलं. ते ‘बरं’ म्हणाले. मला वाटलं, ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांना घेऊन मी सातवीच्या वर्गात गेले, तर पुढच्या बाकांवर नेमकी तीच, वाचता न येणारी अकरा मुलं! तेल लावून, भांग पाडून. साहेबांनी अगदी समोरच्या मुलीला उभं केलं. तिचं नाव पायल. पुस्तक हातात दिलं. पायल पानाकडे बघत राहिली, मग सरांकडे, मग आपल्या पायांकडे. साहेबांनी मला गुजरातीत विचारलं, ‘आने वांचतां नथी आवडतुं?’ हिला वाचता येत नाही? मी काहीतरी पुटपुटणार, तोच सर शांतपणे म्हणाले, ‘हजी नथी आवडतुं, साहेब. आवा अगियार छे.’ अजून येत नाही, अशी अकरा आहेत.

साहेबांनी वहीत काय लिहिलं ते मला दिसत होतं. ते गेल्यावर मी सरांना ऑफिसात बोलावलं आणि दारही न लावता ओरडले, ‘सर, माझं नाक कापलंत तुम्ही!’

‘तुमचं नाक आहे जागेवर, बाई,’ सर म्हणाले. ‘पायलकडे मात्र दीडच वर्ष उरलंय. आठवी झाली की घरचे तिला स्टोन लावायला बसवणार. मी विचारून आलोय.’

ते खरंच तिच्या घरी जाऊन आले होते. तिची आई अंगणात साडी पसरून बसली होती. सरांनी अहिराणीत विचारलं, ‘वहिनी, पोरले वाचता येस का?’ त्यावर ती हसली म्हणे. ‘काय सर, चेष्टा करतस का? सातवीमा शे ती, मंग येतच व्हई ना!’

पायलच्या प्रगतिपत्रकांवर सही माझी होती. दरवर्षी पास. त्या बाईनं माझ्या सहीवर विश्वास ठेवला होता, आणि मी ती सही ऑफिसात चहा पिता पिता गठ्ठ्यानं करत होते... तरी त्या दिवशी मी सरांची माफी मागितली नाही. उलट विचारलं, ‘मग तुम्हाला हवंय तरी काय?’

‘पहिला तास वाचनाचा करून द्या,’ ते म्हणाले.

माझ्या वेळापत्रकात वाचन मधल्या सुट्टीनंतर होतं. आणि मधल्या सुट्टीत ही अकराच्या अकरा मुलं घरी जायची, बापाचा डबा घेऊन मिलच्या गेटवर जायची आणि परत यायची नाहीत. वाचनाच्या तासाला ती कधी वर्गात नसतच. मी इतकी वर्षं हजेरी सकाळी घेत होते, त्यामुळे कागदावर सगळी हजर. वेळापत्रक बदलायला मला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं आधी कोणी दिली नव्हती, मीही नाही.

त्या तासाला सर काय करतात ते बघायला मी एकदा खिडकीशी उभी राहिले. फळ्यावर लिहिलं होतं, ‘माय पानी भरी ऱ्हायनी.’ खाली, ‘आई पाणी भरत आहे.’ मी तिथूनच म्हटलं, ‘सर, फळ्यावर अहिराणी? पुन्हा साहेब आले तर?’ सर म्हणाले, ‘त्यांनाही शिकवू, बाई.’ वर्ग खदखदून हसला. पायलसुद्धा. मग सर खिडकीशी येऊन हळू आवाजात म्हणाले, ‘घरी ही मुलं एक भाषा बोलतात, गल्लीत दुसरी, पुस्तकात तिसरी. जी येते तिथून सुरुवात करू द्या.’ शनिवारी मुलांनी घरातला एखादा कागद आणायचा असे. औषधाची पट्टी, साडीच्या खोक्यावरचं लेबल, लग्नाची पत्रिका. पायलनं एकदा आईचं दवाखान्याचं कार्ड आणलं आणि पुढच्या तपासणीची तारीख कधीच उलटून गेली आहे हे तिनं स्वतः वाचून काढलं. त्या दिवशी सरांनी तिला वर्ग चालू असताना घरी पिटाळलं. ‘आधी आईले सांग, मंग ये!’

सगळं गोड झालं असं नाही. अकरातली चार मुलं वर्ष संपायच्या आतच गावी गेली, ती परत आलीच नाहीत. पायल आठवीअखेर अडखळत का होईना, कोणतंही पान वाचायला लागली. तिच्या आईनं तिला नववीत घातली. दहावीला ती गणितात राहिली. आता कतारगामला साड्यांच्या पॅकिंगमध्ये मालावरची लेबलं तपासते. सरांच्या दहाव्याला आली होती. म्हणाली, गणिताचा फॉर्म परत भरणार आहे. भरेल की नाही, सांगता येत नाही. पण तो तिचा तिला भरता येईल, कोणाला विचारावं लागणार नाही. हे काम सरांचं. आणि मी निदान त्यांच्या आड आले नाही, एवढंच माझं. तेवढंही त्यांनीच माझ्याकडून करून घेतलं, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवे होते. शाळेत रोज भेटणाऱ्या माणसाचे आभार कोण मानतं?

मागच्या आठवड्यात वरून माहितीचा फॉर्म आला. सातवीत वाचता न येणारी मुलं किती, असा रकाना. मी वर्गात जाऊन एकेकाला वाचायला लावलं आणि नऊ लिहिलं. संध्याकाळी साहेबांचा फोन. हे साहेब नवे आहेत, पण काळजी तीच, शाळा कशी दिसेल. ‘बेन, नऊ? तमारी शाळानुं खराब देखाशे.’

‘खराब छे ज, साहेब,’ मी म्हटलं. ‘मास्तर आपो.’

मागितलेला मास्तर अजून आलेला नाही. तोवर सातवीचा पहिला तास मी घेते. त्या वर्गात शिक्षकाला खुर्ची नाही, सरांनी ती कधीच पाचवीला देऊन टाकली होती. ते बाकांमधून फिरत शिकवायचे. माझे गुडघे दुखतात म्हणून पहिल्या दिवशी मी खुर्ची मागवणार होते. मग मुलांनी एका सुरात धडा म्हणायला सुरुवात केली, मी सहज रांगांमधून चालत गेले, आणि खुर्ची का नाही ते कळलं. समोर बसून सगळा वर्ग वाचतोय असंच ऐकू येतं. जवळ गेलं की समजतं, कोण वाचतंय आणि कोण नुसते ओठ हलवतंय. काल तिसऱ्या रांगेत त्या नऊ जणांतलीच एक मुलगी अशी ओठ हलवताना सापडली. मी तिच्या बाकाशी थांबले आणि बाकीच्यांना गप्प राहायला सांगितलं.