भिकूआबांची जन्मतारीख

अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. बारा वर्षं रत्नागिरीत वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली, आता वेबसाइट बनवतो. म्हणून घडलं तेवढंच लिहितो.

तासाभरावरच्या एका गावात शिमग्याच्या पालखीचा पहिला मान भावकीतल्या सर्वांत थोरल्या पुरुषाला असतो. यंदा दावेदार दोन — तुकारामआबा आणि त्यांचे चुलतभाऊ भिकूआबा. दोघं सत्तरीपुढचे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी दोघांची जन्मतारीख १ जून लिहिलेली. त्या पिढीत अर्ध्या गावाची तीच आहे. वर्षही एकच. तेव्हा भावकीच्या सभासदांच्या यादीत दोघं बरोबरीने येतील, मान दोघांनी मिळून घ्यावा, असं ठरलं.

यादीसाठी ऑनलाइन फॉर्म मी केला. दिवस, महिना, वर्ष — तीन वेगळे रकाने. सभासद अठरा पूर्ण हवा, म्हणून वर्षांची यादी अठरा वर्षांपूर्वीच थांबवलेली. पुढचं वर्ष निवडताच येत नव्हतं. भिकूआबांची माहिती त्यांच्यासमोर मीच भरली.

शनिवारी संध्याकाळी यादी छापली, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. वाचून पाहिली नाही. डेस्कवर ही चूक मी कुणाला माफ केली नसती.

रविवारी सकाळी दहाला, पालखी बसते त्या सहाणेवर यादी वाचली गेली. तुकारामआबा पहिले. भिकूआबा सगळ्यांत शेवटी... जन्मतारीख त्याच रविवारची, चालू वर्षासकट.

"आज बारसा हाय आबाचा!" मागून कुणीतरी ओरडलं. "पालना आना रं!"

सगळे हसले. तुकारामआबाही. "ये मेल्या भिकू, मांडीवर घेतो तुला."

नारळ सोलायची कोयती पायरीवर होती. पहिला घाव खांद्यावर, दुसरा मानेवर. तिसऱ्याला तुकारामआबांनी हात आडवा घातला. दोन बोटं तुटून यादीवर पडली. चौघांनी धरलं तेव्हाही भिकूआबा म्हणत होते, "मी थोरला हाय. आयस सांगायची."

तुकारामआबा तिथेच गेले.

दुपारी पोलिसांसमोर मी लॅपटॉप उघडला. भिकूआबांच्या नोंदीत १ जून, वर्ष बरोबर. मी भरल्यानंतर बदल केल्याची खूण नाही. फॉर्मने आपोआप छापल्या दिवसाची तारीख घेतली म्हणावं, तर कागदावर शनिवारची यायला हवी होती.

तो कागद पोलिसांकडे आहे. रक्ताखालून तारीख अजून वाचता येते. ती आली कुठून, मला सांगता येत नाही.

जबाब घेताना हवालदाराने भिकूआबांना जन्मतारीख विचारली.

"एक जून लिवा," म्हणाले. "दोगांची तीच."