लाल रेक्झिनची फिर्याद

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. राग फिर्यादीचा येतो, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. तिथल्या एका बड्या शेठजींकडे वडिलांची जुनी फियाट होती. पुढच्या सीटा पार बसल्या होत्या, म्हणून त्यांनी ती गाडी सीटा शिवणाऱ्या चाचांकडे दिली. चाचा सत्तरीचे. वरवट बकालपासून मोताळ्यापर्यंतच्या जीपा आणि ट्रॅक्टर त्यांच्या शेडमध्ये येत. पुढे ती फियाट नटूनथटून जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला गेली आणि परीक्षकांनी चारचौघांत सांगितलं, "या सीटा मूळच्या नाहीत."

शेठजी परतले ते थेट ठाण्यात. कारागिरानं मूळच्या सीटा चोरून भंगारातल्या बसवल्या, अशी त्यांची फिर्याद. पुरावा म्हणून वडिलांचा गाडीत बसलेला जुना रंगीत फोटो जोडला. त्यात सीटचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड स्वच्छ दिसत होतं.

त्याच दिवशी आमच्या खबऱ्यानं कानावर घातलं, "साहेब, चाचाच्या शेडात ताडपत्रीखाली दोन जुन्या सीटा हायेत."

मला तेवढं पुरलं. आठवडी बाजाराचा दिवस होता. ठाण्याची जीप बाहेर गेली होती, अर्धा तास थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण शेठजींचे तीन फोन येऊन गेले होते. दोन शिपायांनी चाचांना दंडाला धरून भर बाजारातून चालवत आणलं. ताडपत्रीखालच्या सीटा जप्त झाल्या, पंचनामा झाला. शेठजींनी त्या दारातूनच ओळखल्या. "ह्याच माझ्या." जवळ जाऊन बघायचीही त्यांना गरज वाटली नाही.

चौकशीत मी आवाज चढवला. बापाच्या वयाच्या माणसाला अरेतुरे केलं. चाचा शांतपणे एकच सांगत राहिले.

"साहेब, त्या सीटा जीपच्या हायेत. शेठच्या सीटा शेठच्याच गाडीत हायेत. लोखंड तेच, स्प्रिंगा त्याच. म्या म्हटलं होतं, काथ्या भरू, पट्ट्याचं कापड लावू, जुन्या गाडीले तेच शोभते. नमुनेबी दाखवले. त्याहिले लाल रेक्झिनच पाह्यजे होतं."

"पुरावा काय?"

"गाडी आणा अन् सीट उसवा. आमच्या अब्बाची रीत हाये. जुनं कापड सारं फेकत नाही. हातभर तुकडा सीटच्या आतून शिवून ठेवतो. पुढच्या कारागिराले समजलं पाह्यजे, मूळचं काय होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फियाट ठाण्याच्या आवारात उभी केली. पंच बोलावले. आधी जप्त केलेली सीट बसवून पाहिली. बोल्टाची भोकं चार बोटं इकडची तिकडे. ती सीट त्या गाडीची असणं शक्यच नव्हतं. मग चाचांनी लाल रेक्झिनची शिवण स्वतःच्या हातानं उसवली. स्प्रिंगवर टाचलेला कापडाचा तुकडा निघाला. मी फोटो शेजारी धरला. पट्टान् पट्टा तोच. शेठजींनी चाचांविरुद्ध आणलेला फोटो चाचांच्याच कामी आला.

शेठजींचा चेहरा उतरला, पण मान काही खाली गेली नाही. म्हणाले, "अहो ठाणेदार, एवढ्या लोकांत माझी शोभा झाली. मीच रेक्झिन निवडलं असं कसं सांगू? आता मिटवून टाका."

मिटवून टाका! स्वतःची निवड चुकली म्हणून हा गृहस्थ एका म्हाताऱ्याला तुरुंगात पाठवायला निघाला होता. खोट्या फिर्यादीबद्दल कारवाईचा अहवाल मी वर पाठवला. तो कुठे अडकला हे कुणी मला कधी सांगितलं नाही. मीही दोनदा विचारलं आणि गप्प बसलो.

चाचांना म्हटलं, "चला, जीपनं घरी सोडतो."

"जीप नको साहेब. आणलं त्या रस्त्यानं सोडा. पण आज बाजार नाही. पाहणारं कोण हाये?"

ते एकटेच निघून गेले. त्या आठवड्यात त्यांच्या शेडमधून तीन गिऱ्हाइकं आपापल्या सीटा उचलून घेऊन गेली.

पुढच्या बाजारी मी गणवेश घालून त्यांच्या शेडवर गेलो. हात जोडून माफी मागितली आणि म्हटलं, "चला, माझ्यासोबत बाजारातून." वाटलं होतं, ठाणेदार शेजारून चालतोय म्हटल्यावर गावाला काय ते कळेल. आम्ही निघालो. भाजीवाल्यांच्या रांगेत पोचलो तशी कुजबुज सुरू झाली. एक बाई शेजारणीला म्हणाली, "पाह्य वो, चाचाले पुन्हा धरून नेऊन राह्यले."

चाचांनी ते ऐकलं. मीही ऐकलं. चाचा म्हणाले, "साहेब, तुम्ही मांगं फिरा. मी एकटाच जातो."

माणसाला धरून नेताना सारा बाजार बघतो. तो निर्दोष आहे हे मात्र फक्त आमच्या कागदात राहतं. हे मला त्या दिवशी समजलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत नुसत्या चौकशीसाठी मी कुणालाही बाजारातून चालवत आणलं नाही. चाचांना त्याचा काय उपयोग?