ऑपरेशन सक्सेस, नॉट कम

मिरज स्टेशनवर आई डोळे पुसत होती आणि बाबा माझ्या ट्रंकेची कडी पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. आमच्या यांना लखनौच्या एका संशोधन संस्थेत नोकरी होती. लग्नाला महिनाही झाला नव्हता. गाडी हलताना बाबा म्हणाले, "भाषा चुकली तर चुकू दे. बोलायचं थांबू नकोस."

लखनौत अलीगंजला बिऱ्हाड केलं. भाजीची सब्जी झाली. मुलगी झाली, ती मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. तुमच्यापैकी जे घर सोडून गेलात त्यांना हे नवं नाही.

मग बाबांच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. मुलगी टायफॉइडमधून नुकती उठलेली, म्हणून मी गेले नाही. धाकटा भाऊ वसंता शेजारच्या श्रीवास्तवांकडे फोन करून कळवणार होता.

त्या दिवशी सब्जी घेऊन परतले तर श्रीवास्तव भाभी दारातच उभ्या. "दीदी, आपके भाई का ट्रंक कॉल आया था. अंग्रेजी में बोले, 'ऑपरेशन सक्सेस नॉट कम.' फिर लाइन कट गई."

मी पायरीवरच बसले. श्रीवास्तवजी सचिवालयात इंग्रजी पत्रं लिहायचे. ते हळूच म्हणाले, "ठीक होता तो 'सक्सेसफुल' कहते. 'सक्सेस नॉट कम', यानी सफलता नहीं मिली."

मी म्हटलं, 'येऊ नको' म्हणायचं असेल. पण मग 'डोन्ट कम' म्हणाला असता ना?

श्रीवास्तवांच्याच फोनवरून वसंताला अर्जंट कॉल बुक केला. हे स्कूटरवरून तातडीनं आले. "आजची गाडी गाठायची तर आत्ता निघायला हवं." बॅग भरताना हाती पांढरी साडी आली. ती मी फेकलीच. मुलगी विचारत होती, "आई, आजोबा को क्या हुआ?" रिक्षा दारात आली तशी मी म्हणाले, "मी फोन येईपर्यंत हलणार नाही." रिक्षा परत गेली. गाडीही गेली असणार. फोन गप्पच.

वाजला तेव्हा भाभींनीच रिसीव्हर उचलून माझ्या कानाला लावला.

"ताई, अगं झालं की नीट! म्हणून तर 'नॉट कम' म्हटलं!"

"अरे गाढवा, 'सक्सेसफुल' म्हणायचं!"

"त्या बाई हिंदीत बोलायला लागल्या, मी घाबरलो गं."

मी हसले, मग ओक्साबोक्शी रडले. सावरल्यावर विचारलं, "येऊ नको असं कोण म्हणालं?"

"बाबाच. म्हणाले, पोर आजारी आहे, कशाला धावपळ."

आता जायचं कारणच उरलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी मुलीला यांच्यापाशी आणि भाभींपाशी सोपवून मी चारबाग स्टेशनवर गाडीत बसले.

हॉस्पिटलात बाबांनी मला पाहिलं. रागावले नाहीत. टाक्यांवर हात दाबून, ओठ आवळून, ते हळूहळू खाटेच्या कडेला सरकले आणि मोकळ्या झालेल्या वीतभर जागेवर हात आपटून म्हणाले, "बस."

आता बाबा नाहीत आणि मी लखनौचीच झाले आहे. घर कुठलं, असं कुणी विचारलं की गाव सांगते. डोळ्यांपुढे मात्र ती वीतभर जागाच येते.