सायकसची सोयरीक

"ते समदं राहू द्या. मागनी घालायला त्यांच्या घरचं कोन येनार, ते सांगा."

पुणतांब्याला आप्पासाहेबांच्या ओसरीवर बसून मी तिसऱ्यांदा हाच प्रश्न ऐकत होतो. मला हवी होती चिमूटभर पिवळी पावडर, आणि हे मला वरपक्षाचा मान शिकवत होते.

त्या काळी मी एका साखर कारखान्यात गार्डन सुपरिंटेंडेंट होतो. कॉलनीची हिरवळ, गेस्ट हाऊसचे गुलाब आणि डायरेक्टरांच्या बंगल्यांना फुकट सल्ला, एवढं माझं काम. आप्पासाहेब डायरेक्टर. त्यांच्या फाटकाशी जपानी सायकसचं जुनं झाड होतं. लोक त्याला पाम म्हणतात. तो पाम नव्हे, हे सांगून सांगून माझा घसा बसला, आता म्हणा काय म्हणायचं ते. या झाडात पपईसारखा नर वेगळा आणि मादी वेगळी. नराच्या शेंड्यात मक्याच्या मोठ्या कणसासारखा एक कोन येतो. तो पिकला की झटकल्यावर पिवळा पराग पडतो. आप्पासाहेबांचं झाड नर होतं आणि कोन त्याच आठवड्यात पिकला होता.

मादी होती राहात्याला, बाईंच्या अंगणात. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचं झाड दुसऱ्या जातीचं, दक्षिणेच्या किनाऱ्याकडचं. यजमान रेल्वेत होते, त्यांनी मंगळूरकडून आणलेलं. यजमान गेले, झाड राहिलं. पण त्याला आपल्याकडची थंडी सोसत नाही, पानं भाजल्यासारखी करपतात. थंडीचे तीन महिने बाई रोज संध्याकाळी त्याला गोणपाट गुंडाळायच्या आणि सकाळी सोडायच्या. आता गुडघे गेले होते. "माझ्यामागं याला कोण गुंडाळणार?" असं त्या सारख्या विचारायच्या. म्हणून एकदा बोलून गेलो, की हे मादी निघालं आणि याला जपानी नराचा पराग लागला तर पोटची रोपं थंडीला दाद देणार नाहीत. बाईंनी ते मनात धरलं. त्या उन्हाळ्यात, बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, झाडाला पहिल्यांदा मादीचा मोहर आला. तो पराग घेण्याजोगा राहतो जेमतेम आठवडाभर. पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही. कारखान्यावर येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर बाईंचा निरोप यायला लागला: मिळाला का?

आणि इथं घोडं अडलं होतं सोयरिकीवर.

पहिल्या दिवशी मीच मूर्खासारखा हसत म्हणालो होतो, आप्पासाहेब, तुमच्या मुलासाठी राहात्याचं स्थळ आणलंय. झालं! ओसरीवरची चारदोन रिकामटेकडी मंडळी सरसावून बसली. मुलगी उंचीला केवढी, रंगानं कशी, हुंडा काय, मुहूर्त कधी. आप्पासाहेब म्हणाले गुरुवारी या. गुरुवारी गेलो तर साहेब कोपरगावला. मोहर काही यांच्या मुहूर्तासाठी थांबणार नव्हता. तिसऱ्या खेपेला माझा पारा चढला होता, पण डायरेक्टरपुढे चढलेला पारा गिळायचा असतो.

शेवटी आप्पासाहेबच उठले. "चला, पोरगा दावतो तुमाला." भर उन्हात आम्ही फाटकापाशी आलो. मी डोक्यावर छत्री धरून झाडाखाली वाकलो, खिशातून कागद काढायला लागलो. तेवढ्यात त्यांनी काठीनं कोनाला एक सणसणीत दणका दिला. पिवळा धुरळा माझ्या छत्रीवर, सदऱ्यावर, चष्म्यावर. मंडळी खूष. आप्पासाहेबांचीही छाती फुगली.

"बगा, कसा रग्गड हाय! बरं, मुलगी कुनाची म्हनालात?"

मी बाईंचं नाव सांगितलं. बाईंना तालुका ओळखत होता. त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला, हेही तालुक्याला ठाऊक होतं.

हसणं थांबलं. कुणी पानाची पिंक टाकायला बाजूला गेलं. आप्पासाहेबांनी काठी बगलेत धरली.

"असं हाय व्हय," ते म्हणाले. "मग राहू द्या."

"आप्पासाहेब, झाड आहे हो ते."

"झाड आमच्या दारातलं हाय, गार्डनसाहेब. चला, च्या घ्या. ऊन लई हाय."

आवाजात राग नव्हता. त्याचाच मला जास्त संताप आला. आठवडाभर ज्या थट्टेनं माझा जीव खाल्ला, ती यांच्या लेखी थट्टा नव्हतीच तर! झाडाची जात सांगायला गेलो आणि हे माणसाची विचारून बसले. छत्री मिटली, चहा न घेता निघालो. वाटभर मनातल्या मनात आप्पासाहेबांना जे बोललो, ते इथं लिहिण्याजोगं नाही.

एसटी स्टँडवर ऊन लागलं म्हणून छत्री उघडायला गेलो, तर तोंडावर भुरभुर पिवळी पावडर. दणक्यानं पडलेला पराग घड्यांत अडकला होता. मी छत्री तशीच घट्ट धरली. राहात्यापर्यंत ती मांडीवर आडवी घेऊन बसलो. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाबा, काय दूध हाय का त्यात?"

बाईंच्या अंगणात वर्तमानपत्र पसरून छत्री झटकली. बाईंनी शाळेतला रंगाचा ब्रश आणून दिला.

"त्यांनी दिला?" बाईंनी विचारलं.

"त्यांच्याच काठीनं पडलाय."

"मी दिला का विचारलं."

सांगितलं सगळं. बाईंनी वर्तमानपत्राच्या कडा उचलून पराग मधे गोळा केला. मग म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. तुम्ही ब्रश चालवा. उशीर होतोय."

दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या माझ्या वरिष्ठांनी, शेतकी अधिकाऱ्यांनी, बोलावलं. चहा नाकारल्याची बातमी माझ्याआधी पोचली होती. "तुम्ही हिरवळ सांभाळा," साहेब म्हणाले. "लोकांच्या झाडांची लग्नं लावणं आपल्या ड्यूटीत येत नाही." मी हो म्हणालो. पगार तिथूनच होत होता.

पुढचे कित्येक महिने जिवाला घोर. कारण या झाडाची फळं पराग लागो न लागो, फुगतात. आत काही आहे की पोकळ, हे पिकल्यावर कळतं. गर सोलायचा आणि बी पाण्यात टाकायचं. पोकळ तरंगतं, भरलेलं बुडतं. बाईंनी बादली भरली. पहिलं तरंगलं. दुसरं, तिसरं, दिसली तेवढी सगळी तरंगत राहिली. मी तोंड फिरवलं. बाई हात घालून एकेक दाबून बघत होत्या. तळाशी त्यांना पाच सापडली.

त्यातली तीन उगवली, तीही दुष्काळात. बाईंनी त्यांना भांडी धुतलेलं पाणी गाळून घातलं. पुढच्या कडाक्याच्या थंडीत आईची पानं करपली आणि ही तीन उघड्यावर हिरवीगार! बाईंनी मला हाताला धरून नेलं, दाखवलं आणि तिथंच पायरीवर बसून रडल्या.

तालुक्यात बोभाटा झाला. मग शेतकी अधिकाऱ्यांचा निरोप आला: आप्पासाहेबांना नव्या बंगल्यासाठी एक रोप हवंय, किंमत विचारा. मी कपाळाला हात लावला. बाई म्हणाल्या, विकायचं नाही, स्वतः आले तर देईन. जीप दोनदा आली, ड्रायव्हर रिकाम्या हातानं परत गेला. मीच वैतागून म्हणालो, द्या एक टाकून, माझ्यामागचा ताप जाईल. बाई म्हणाल्या, "ताप तुमचा आहे. रोप माझं आहे."

तिसऱ्यांदा आप्पासाहेब स्वतः आले. अंगणात उभे राहिले, ओसरीवर चढले नाहीत ते नाहीतच. बाईंनी बसाही म्हटलं नाही. कुंडी त्यांच्या हातात दिली आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं: शेंड्यात पाणी ओतायचं नाही, मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही, वर्षातून एकदाच पानं येतात, तोडायची नाहीत. आप्पासाहेब दर वाक्याला "व्हय बाई" म्हणत होते. मी हेच त्यांना कैक वर्षं सांगत आलो होतो, एकदा ऐकलं नव्हतं.

ते रोप त्यांच्याकडे जगलं. कुणी विचारलं तर ते आणलं कुठून म्हणून सांगायचे, मला माहीत नाही. मी विचारायला गेलो नाही.

घरी सायकसची जोडी लावून संकर करू पाहणाऱ्यांना माझा एवढाच सल्ला. नराचा कोन पिकला की पराग आधी कागदात बांधून घ्यावा, नमस्कार-चमत्कार मागाहून. पराग कोरड्या पुडीत काही दिवस टिकतो. माणसाचं मन चहा येईपर्यंतही टिकत नाही.