सहादूच्या दातांचं टोपण

सहादूची क्लॅरिनेट वरच्या दोन दातांवर उभी होती. निसारभाईंच्या बँडमध्ये तो पुढच्या रांगेत चाले. पुढचे ते दोन दात क्लॅरिनेटच्या तोंडावर टेकले, की नवरीच्या पाठवणीला असा सूर निघे की वरपक्षही डोळे पुसे. भद्रकालीपासून पंचवटीपर्यंतचे लोक लग्नाची तारीख धरताना आधी विचारत, "सहादू आहे ना?" भटजींची चौकशी नंतर होई.

हेच दात तो झोपेत करकरा खात असे. बायको यशोदाबाई सांगे, "जात्यावर हरभरे भरडल्यागत आवाज येतो. अकरा वर्षं झाली, मी भिंतीकडं तोंड करून झोपते." यावरचं निदान सगळ्या गल्लीला पाठ होतं: पोटात जंत. सहादूने इतकं वावडिंग खाल्लं, की जंत असलेच तर कंटाळून निघून गेले असावेत. दात खाणं चालूच राहिलं.

एक्क्याऐंशीच्या लग्नसराईत गार पाण्याची कळ डोक्यात जाऊ लागली, तेव्हा तो शालिमारजवळच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर तरुण होते, मुंबईत शिकलेले. त्यांनी तोंडात आरसा फिरवला.

"दात फार झिजलेत. तुम्ही झोपेत दात खाता?"

"ते जंतांचं हाय. त्याचं औषध चालू हाय. तुम्ही फक्त दातांचं बघा."

"जंतांचा काही संबंध नाही हो. मनावर ताण असला की जबडा आवळतो. कसली काळजी आहे का?"

सहादूने थोडा विचार केला. "दातांची," तो म्हणाला.

डॉक्टरांनी दातांचा ठसा घेतला आणि आठवड्याने वरच्या दातांवर एक पारदर्शक टोपण बसवलं. "आता दात दातावर घासणार नाहीत. झिजायचं ते हे झिजेल. रोज वापरा." कधी वापरायचं ते त्यांनी सांगितलं नाही, कारण ते उघडच होतं. सहादूने विचारलं नाही, कारण त्यालाही ते उघडच होतं. त्याचे सासरे पुंजाबाबा मनमाडला रेल्वेत होते आणि त्यांना कवळी होती. तोंडातली डॉक्टरी वस्तू झोपताना काढून पाण्यात ठेवायची, नाहीतर माणूस ती गिळून मरतो, हे त्या घरातलं शास्त्र. एका फायरमनचं तसं झाल्याचं पुंजाबाबा नावागावासकट सांगत.

तेव्हा टोपण सकाळी तोंडात जाई. जेवताना कण अडकत, म्हणून काढायचं. वाजवताना क्लॅरिनेट घसरे, म्हणून काढायचं. झोपताना तर काढायचंच. यशोदाबाई स्वतः पेला भरून उशाशी ठेवी. दात काहीही करत नसत तेवढ्या वेळात टोपण त्यांचं चोख रक्षण करी.

असं तीन वर्षं चाललं. टोपणावर ओरखडा नव्हता, याचा दोघांनाही अभिमान होता.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात, नांदगावच्या एका लग्नात, पाठवणीच्या ऐन सुरात पुढच्या दाताचा तुकडा जिभेवर आला. सहादूने तो गिळला आणि सूर पुरा केला. आठवड्यात अर्धा चेहरा सुजला. डॉक्टरांनी टोपण मागितलं, उजेडात धरून उलटंपालटं केलं.

"हे नवंच्या नवं कसं राहिलं?"

"जपून वापरलं," यशोदाबाई म्हणाली. "रोज रात्री मी माझ्या हातानं पाण्यात ठेवते."

डॉक्टर बराच वेळ हात धूत राहिले. मग त्यांनी शांतपणे ते टोपण कशासाठी होतं ते सांगितलं. यशोदाबाईने टोपण पदरात गुंडाळलं आणि घरी येईपर्यंत मुठीत धरून ठेवलं.

वरचे सगळे दात काढावे लागले. कवळी आली. या वेळी डॉक्टरांनी सावकाश, दोनदा सांगितलं, "झोपताना काढायची. पाण्यात ठेवायची."

"ते ठाऊक हाय," सहादू म्हणाला.

कवळीवर क्लॅरिनेट टिकेना. फुंकर मारली की कवळी सुटे, कवळी दाबून धरली की सूर चिरके. महिनाभर तालमीच्या खोलीत तो झगडला. शेवटी निसारभाई उठले, खिळ्यावरचा खुळखुळा काढला आणि त्याच्या हातात दिला.

"घे. याला दात लागत नाय."

निसारभाईंना धीरच द्यायचा होता. सहादू शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

घरात आता रात्री कसलाही आवाज होत नाही. यशोदाबाई अजून भिंतीकडेच तोंड करून झोपते.