काकूंनी घासलेली खिटी

काकांनी उभं आयुष्य गोळ्यांच्या यंत्रांत काढलं. वर काचेचा गोळा, त्यात रंगीबेरंगी च्युइंगगम, खाली नाण्याची फट आणि फिरवायची मूठ. लाँड्रीत, चपलांच्या दुकानात, अगदी दातांच्या दवाखान्याबाहेरही त्यांची यंत्रं होती. दातांच्या डॉक्टरांना ते कसं चालायचं, हे काकूंना कधी कळलं नाही. यंत्रांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला काकांना खपत नसे. काकूंचासुद्धा.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. गोळ्या भरायला काकू जाऊ लागल्या. तेवढ्यात नवं नाणं निघालं, जुन्याहून जरासं लहान. एकेक यंत्र अडायला लागलं. नाणं आत जाई, मूठ थोडी फिरे आणि ठप्प.

"भंगारात दे," काका म्हणाले. "तुला नाही जमायचं."

काकूंना ते लागलं. लाँड्रीतलं यंत्र घरी आणून त्यांनी ओट्यावरच खोललं. मुठीमागे एक चकती होती, चकतीला नाण्याएवढी खाच. मूठ फिरवली की खाचेतलं नाणं एका खिटीखालून जायचं. नाणं मापाचं असेल तर खिटी त्याच्या कडेवरून अलगद सरकायची, चकती पुढे जाऊन गोळी पडायची. नाणं लहान असलं की खिटी खाचेत पडून चकतीला धरून ठेवायची.

"एवढंच होय!" म्हणत काकूंनी खिटीचं टोक कानशीने घासलं. नवं नाणं सुटलं. त्याच हौसेने त्यांनी सगळ्याच यंत्रांच्या खिट्या घासून टाकल्या.

थोड्याच दिवसांत लाँड्रीवाली म्हणाली, "काकू, तुमचं यंत्र फारच उदार झालंय हो!" काकूंनी उघडलं तर आत वॉशर, कोटाची बटणं, एक चपटा खडा. शेजारच्या चिमुरडीने तर काहीच न टाकता मूठ फिरवून गोळी काढून दाखवली.

यंत्र पुन्हा घरी आणून त्यांनी काकांना सगळं सांगितलं. काका हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच, वाकड्या तोंडाने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"हसा, हसा!" काकू कडाडल्या. "कधी शिकवलं असतंत तर ही वेळ आली असती का?"

काकांचं हसू मावळलं. "तुला जमलं असतं गं," ते अडखळत म्हणाले. "मग मला कोण विचारणार होतं?"

एवढ्या वर्षांच्या संसारात यंत्रांना हात लावू न देणं हा काकूंना त्यांचा तिरसटपणाच वाटत आला होता.

काकांनी डाव्या हाताने कपाटावरचा डबा दाखवला. त्यात कोऱ्या खिट्या होत्या. एक त्यांनी अंगठ्याखाली टेबलावर दाबून धरली.

"हं, घास. थोडंच. आता लावून बघ. नाही? मग आणखी थोडं. अगं, हलक्या हाताने!"

"अहो, हात तर हलवू नका तुम्ही!"

शेवटी नवं नाणं सुटलं. काकूंनी बटण टाकून पाहिलं, मूठ जागची हलेना. दोघंही त्या अडलेल्या मुठीकडे समाधानाने बघत बसले.

आता फेरीला दोघं जातात. काका बाकावर बसून सूचना देतात. काकू त्यातल्या निम्म्या ऐकतात.